रोज लॉगिन केल्यावर पारदर्शकता गायब आणि अर्ध्या विंडो पांढऱ्याफटक: एक्सएफसीईवरचं दुखणं आणि त्याचे उपाय

रात्री झोपताना सगळं मनासारखं असायचं. काळी थीम, अर्धपारदर्शक टर्मिनल, त्यामागे पुसट झालेला वॉलपेपर. सकाळी लॅपटॉप चालू केला की टर्मिनल पुन्हा ठोकळ्यासारखं. फाइल मॅनेजर काळा, कॅल्क्युलेटर पांढरा, व्हिडिओ प्लेअर राखाडी. एका घरात तीन भावांनी आपापल्या खोल्या आपापल्या पैशांनी रंगवल्यासारखं दिसायचं. मी टर्मिनलमध्ये दोन आज्ञा मारायचो, सगळं पुन्हा ठीक व्हायचं, आणि दुसऱ्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न. असे जवळजवळ दोन महिने गेले.

माझी मांडणी अशी: २०१२ सालचा लॅपटॉप, इंटेलचं एचडी ४००० ग्राफिक्स, ८ जीबी रॅम, डेबियन १२ हे लिनक्स, त्यावर एक्सएफसीई ४.१८ हा डेस्कटॉप. थीम आर्क-डार्क, आयकॉन पॅपिरस-डार्क, आणि पारदर्शकतेसाठी पिकॉम नावाचा प्रोग्राम. मिंट किंवा झुबुंटूवर एक्सएफसीई वापरत असाल तर यातलं जवळपास सगळं तुम्हालाही लागू पडेल. आज्ञा आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टंकताना अर्थातच रोमन अक्षरांत टंका.

आधी सावलीकडे बघा

पारदर्शकता गेली की आपण लगेच पिकॉमची कॉन्फिग फाइल उघडतो आणि आकडे बदलत बसतो. मीही तेच केलं. त्याआधी विंडोच्या कडेला सावली पडते आहे का, एवढं बघितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

सावली आहे पण पारदर्शकता नाही, तर कंपोझिटर चालू आहे, फक्त तो तुमचा नाही. सावलीही नाही आणि मेन्यूच्या गोल कोपऱ्यांशी काळे त्रिकोण दिसताहेत, तर कंपोझिटर चालूच नाही. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत.

कंपोझिटर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. जुन्या एक्समध्ये (एक्स११, म्हणजे लिनक्सवर पडद्यावर विंडो दाखवणारी यंत्रणा) प्रत्येक प्रोग्राम थेट पडद्यावर रंगवायचा. वरच्या विंडोखाली काय आहे, हे कुणाकडे साठवलेलंच नसायचं, मग आरपार दिसणार कसं? २००४ मध्ये एक्स डॉट ऑर्गच्या ६.८ आवृत्तीत कंपोझिट एक्स्टेन्शन आलं. तेव्हापासून प्रत्येक विंडो बाजूला वेगळ्या कागदावर रंगते आणि कंपोझिटर ते कागद एकावर एक ठेवून अंतिम चित्र बनवतो. सावली, पारदर्शकता, धूसरपणा हे सगळं त्या रचण्यात होतं. (२००६ मध्ये कॉम्पिझ नावाचा कंपोझिटर आला तेव्हा मी होस्टेलवर होतो. डेस्कटॉपचा ठोकळा गरागरा फिरवून दाखवायला शेजारच्या खोल्यांतली मुलं गोळा करायचो. त्या ठोकळ्याचा उपयोग काय, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नाही.)

एका पडद्यावर कंपोझिटर एकच चालतो. जो आधी येऊन बसला तो मालक, दुसरा आला की त्याला दारातूनच परत जावं लागतं. एक्सएफसीईच्या विंडो मॅनेजरच्या, म्हणजे एक्सएफडब्ल्यूएम४च्या पोटातच एक कंपोझिटर आहे. तो लॉगिन होताच जागेवर बसतो. मग ऑटोस्टार्टमधून पिकॉम येतो, दुसरा कंपोझिटर चालू आहे असं म्हणतो आणि मुकाट्याने बंद पडतो. तो संदेश पडद्यावर येत नाही. होम फोल्डरमध्ये .एक्ससेशन-एरर्स नावाची लपलेली फाइल असते, तिथे जाऊन पडतो. माझ्या त्या फाइलमध्ये दोन महिन्यांत ती ओळ किती वेळा छापली गेली असेल, देव जाणे.

रोज सकाळी मी मारायचो ती आज्ञा अशी:

एक्सएफडब्ल्यूएम४ --रिप्लेस --कंपोझिटर=ऑफ

मग पिकॉम चालू करायचं. दोन्ही चालायचं, म्हणून उपाय बरोबर आहे असं वाटत होतं. पण ही आज्ञा फक्त चालू असलेल्या विंडो मॅनेजरला सांगते, साठवलेल्या सेटिंगला हात लावत नाही. साठवलेलं सेटिंग 'कंपोझिटर चालू' असंच होतं. दुसऱ्या दिवशी लॉगिन केलं की विंडो मॅनेजर साठवलेलं वाचायचा. मी रोज तोंडी सांगत होतो, वहीत कधीच लिहिलं नव्हतं.

मधल्या काळात केलेले दोन मूर्खपणेही सांगून टाकतो, कारण हे दोन्ही 'उपाय' सर्रास सुचवले जातात. पहिला, ऑटोस्टार्टमध्ये पिकॉमच्या आधी दहा सेकंदांचं 'स्लीप' घालणं. त्याने काही होत नाही. दहा सेकंद झोपून आलं तरी घरात पहिला मालक बसलेलाच असतो. दुसरा, एक्सएफडब्ल्यूएम४ची एक्सएमएल फाइल शोधून त्यात हाताने ट्रूचं फॉल्स करणं. ही सेटिंगं एक्सएफकॉन्फडी नावाचा डेमन, म्हणजे पडद्यामागे सतत चालणारा प्रोग्राम, सांभाळतो आणि ती त्याने आपल्या मेमरीत धरून ठेवलेली असतात. डेस्कटॉप चालू असताना तुम्ही फाइल बदलली तर त्याला ते कळतही नाही. पुढे विंडो मॅनेजरचं कुठलंही छोटं सेटिंग बदललंत की तो आपली जुनी प्रत तुमच्या फाइलवर लिहून मोकळा होतो. माझ्या बाबतीत ते दोनदा झालं. दोन्ही वेळा मला वाटलं की मी फाइल सेव्ह करायला विसरलो.

खरा उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. सेटिंग्जमध्ये विंडो मॅनेजर ट्वीक्स उघडा, शेवटच्या कंपोझिटर टॅबवर जा, पहिल्या चौकोनातली खूण काढा. किंवा टर्मिनलमधून:

एक्सएफकॉन्फ-क्वेरी -सी एक्सएफडब्ल्यूएम४ -पी /जनरल/यूज_कंपोझिटिंग -एस फॉल्स

शेवटचे दोन शब्द न लिहिता हीच आज्ञा मारली तर सध्या काय साठवलं आहे ते दिसतं. आधी तेच बघा. मग सेशन अँड स्टार्टअपमध्ये ऑटोस्टार्टच्या यादीत पिकॉम घाला, लॉगआउट करून पुन्हा आत या. विंडो मॅनेजरची सेटिंगं कधी मूळपदावर आणलीत तर ही खूण परत येते, तेवढं ध्यानात ठेवा.

आता एक आगाऊ सल्ला. तुम्हाला फक्त सावली, मागे गेलेल्या विंडो जरा फिकट आणि टर्मिनल आरपार एवढंच हवं असेल, तर पिकॉम काढून टाका. एक्सएफडब्ल्यूएम४चा स्वतःचा कंपोझिटर हे सगळं करतो. त्याच कंपोझिटर टॅबमध्ये निष्क्रिय विंडोसाठी वेगळी पट्टी आहे, हलवताना आणि आकार बदलताना वेगळी. त्याला येत नाही ते धूसर पार्श्वभूमी आणि विंडोचे गोल कोपरे. त्या दोन गोष्टींसाठी जीव तुटत असेल तरच पिकॉमच्या वाटेला जा. माझा तुटतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

पिकॉम चालू आहे, तरी विंडो आरपार नाही

इथे कारणं किरकोळ, पण डोकं खाणारी. पिकॉम ऑटोस्टार्टमधून न चालवता एकदा टर्मिनलमधून चालवा, म्हणजे तो काय बोलतो ते ऐकू येईल. दहापैकी सात वेळा कॉन्फिगमध्ये कुठेतरी स्वल्पविराम सुटलेला असतो.

एखाद्याच विंडोला नियम लागत नसेल तर तिचं नाव चुकलेलं असतं. टर्मिनलमध्ये एक्सप्रॉप मारा, कर्सर अधिक चिन्हासारखा होईल, त्याने विंडोवर क्लिक करा आणि डब्ल्यूएम_क्लास असलेली ओळ शोधा. तिथे अवतरणात दोन शब्द दिसतील. पिकॉमच्या नियमातला क्लास_जी म्हणजे त्यातला दुसरा शब्द, पहिला नव्हे. लहान-मोठी लिपीही जशीच्या तशी हवी. मी पहिला शब्द उचलत होतो. काही प्रोग्रामांचे दोन्ही शब्द सारखे असतात, त्यामुळे तिथे नियम लागायचा आणि बाकीच्या ठिकाणी नाही, म्हणजे गोंधळ आणखी वाढायचा.

नेटवरून कॉन्फिग उचलताना ती कुठल्या काळातली आहे ते बघा. पिकॉम हा कॉम्प्टनचा वारसदार. कॉम्प्टनच्या काळात व्हीसिंकपुढे पद्धतीचं नाव लिहायचे, आता तिथे नुसतं ट्रू किंवा फॉल्स चालतं. ड्युअल कावासे हा सगळ्यात देखणा धूसरपणा जीएलएक्स बॅकएंडवर (बॅकएंड म्हणजे पिकॉमची चित्र रचण्याची पद्धत) चालतो, एक्सरेंडरवर नाही, आणि दहाव्या आवृत्तीच्या आधी त्यासाठी पिकॉमला 'एक्स्पेरिमेंटल बॅकएंड्स'चा झेंडा देऊन चालवावं लागायचं. सगळ्यात फसवा बदल बाराव्या आवृत्तीत आला. त्यात 'रूल्स' नावाची नवी यादी आहे, आणि ती कॉन्फिगमध्ये असली की ओपॅसिटी-रूलसारखे जुने पर्याय पिकॉम बघतच नाही. म्हणजे जुन्या फाइलच्या तळाशी हौसेने एक नवा नियम चिकटवला की वरचे सगळे जुने नियम एका क्षणात निकामी. डेबियन १२ वरून १३ वर जाताना हे आठवणीत असू द्या. जुनं ठेवायचं तर पूर्ण जुनं ठेवा, नाहीतर सगळं नव्या यादीत हलवा.

टर्मिनलबद्दल मात्र माझं ठाम मत आहे: पिकॉमचा ओपॅसिटी-रूल टर्मिनलला लावूच नका. तो पूर्ण विंडो विरळ करतो, पार्श्वभूमीबरोबर अक्षरंही. ८० टक्क्यांवर नेलं की मजकूर जुन्या झेरॉक्ससारखा दिसायला लागतो. एक्सएफसीई टर्मिनलच्या स्वतःच्या प्रेफरन्सेसमध्ये अपिअरन्सखाली पार्श्वभूमी पारदर्शक करायची सोय आहे. त्याने फक्त मागचा रंग विरळ होतो, अक्षरं ठणठणीत राहतात, आणि ते कुठल्याही कंपोझिटरवर चालतं. मी सुरुवातीपासून असं केलं असतं तर रोज सकाळी टर्मिनल निदान आरपार तरी दिसलं असतं, आणि कदाचित मूळ बिघाड मला कळलाही नसता.

व्हिडिओ बघताना दुसऱ्या विंडोवर क्लिक केलं की सिनेमाही फिकट होतो. निष्क्रिय विंडो विरळ करण्याच्या सेटिंगचा हा परिणाम आहे. फोकस-एक्सक्लूडच्या यादीत प्लेअरचा क्लास घाला, मग पिकॉम त्याला कायम सक्रिय समजतो. पूर्ण पडद्यावर जाता-येताना पडदा एकदम लुकलुकत असेल तर अनरेडिर-इफ-पॉसिबल फॉल्स करा. स्क्रोल करताना चित्र आडवं फाटत असेल तर बॅकएंड जीएलएक्स आणि व्हीसिंक ट्रू. आणि पंखा विमानासारखा वाजायला लागला तर धूसरपणाची ताकद कमी करा. एचडी ४०००वर मी ती अगदी तळाशी ठेवली आहे.

पांढऱ्या विंडो: रंगवतं कोण?

आता दुसरं दुखणं. डार्क थीम लावली, तरी काही विंडो ढिम्म पांढऱ्या. याचं मूळ असं की लिनक्सच्या डेस्कटॉपवर डार्क थीमचं एकच बटण नाही. विंडो रंगवणारे रंगारी, म्हणजे जीटीके, क्यूटी यांसारख्या लायब्ररी, चार-पाच आहेत आणि प्रत्येक जण आपला रंग वेगळ्या ठिकाणी विचारतो. अपिअरन्समध्ये तुम्ही थीम निवडता तेव्हा त्यातल्या एकालाच सांगता. म्हणून पांढरी विंडो दिसली की पहिला प्रश्न एकच: ही कोण रंगवतंय?

ओळखायला एलडीडी ही आज्ञा वापरा. तिच्यापुढे प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्या, तो कुठल्या लायब्ररी वापरतो त्यांची यादी येते. त्यात लिबजीटीके-३ दिसलं, लिबअद्वैता दिसलं की लिबक्यूटी५ किंवा लिबक्यूटी६, त्यावरून पुढची वाट ठरते. (हो, नाव खरंच अद्वैता आहे, संस्कृत 'अद्वैत'वरून घेतलेलं. आपल्या थीमला मात्र ते द्वैतानेच वागवतं, ते पुढे येईलच.)

जीटीके ३चे प्रोग्राम एक्सएफसीईत सर्वांत शहाणे. एक्सएफसेटिंग्जडी नावाचा डेमन त्यांना थीमचं नाव सांगतो आणि ते ऐकतात. जीटीके-३.० फोल्डरातल्या सेटिंग्ज.आयएनआयमध्ये थीमचं नाव लिहा, असं बरेच लोक सांगतात. एक्सएफसीईवर त्याचा उपयोग होत नाही, कारण डेमनचा शब्द फाइलच्या वर चालतो. अपिअरन्समधून बदला, झालं. फक्त विंडोची वरची पट्टी वेगळी असते, ती विंडो मॅनेजरच्या स्टाइलमधून वेगळी निवडावी लागते.

जीटीके ३चा प्रोग्राम असूनही ऐकत नसेल तर दोन शक्यता. पहिली, तो रूट, म्हणजे यंत्राचा मुख्य यूजर, म्हणून चालतोय. सिनॅप्टिक आणि जीपार्टेड ही नेहमीची उदाहरणं. त्यांना थीमचं नाव कळतं, पण तुम्ही थीम होम फोल्डरातल्या .थीम्समध्ये उतरवलेली असते आणि रूट आपल्या घरात शोधतो. तिथे ती नसते, मग पांढरा अवतार. थीम /यूएसआर/शेअर/थीम्समध्ये हलवली की दोन्हीकडे लागते. लॉगिनच्या पडद्यालाही तेव्हाच लागेल, तो वेगळ्याच यूजरच्या नावाने चालतो. दुसरी शक्यता, तो फ्लॅटपॅक आहे. फ्लॅटपॅकचे प्रोग्राम कोंडवाड्यात राहतात, त्यांना तुमचं थीम फोल्डर दिसत नाही. थीमचं फ्लॅटपॅकवरचं पॅकेज मिळत असेल तर तेच बसवा, त्याचं नाव ऑर्ग.जीटीके.जीटीके३थीमने सुरू होतं आणि पुढे तुमच्या थीमचं नेमकं नाव असतं. मिळत नसेल तर फ्लॅटपॅक ओव्हरराइडने होममधलं .थीम्स फोल्डर फक्त वाचण्यासाठी उघडं करा. यूएसआरमधलं फोल्डर असं उघडता येत नाही, कोंडवाड्याचं स्वतःचं यूएसआर असतं. थोडक्यात, रूटसाठी थीम यूएसआरमध्ये हवी आणि फ्लॅटपॅकसाठी घरात. मी दोन्हीकडे प्रत ठेवली आहे. थोड्याशा जागेचा प्रश्न आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

लिबअद्वैताचे प्रोग्राम म्हणजे खरी डोकेदुखी. ग्नोम हा दुसरा एक डेस्कटॉप, आणि २०२२ च्या ग्नोम ४२ पासून त्याचे बरेचसे प्रोग्राम हळूहळू तिकडे गेले. हे प्रोग्राम थीमचं नाव विचारतच नाहीत. ते एकच प्रश्न विचारतात: उजेड की अंधार? आणि तोही डेस्कटॉप पोर्टलला, म्हणजे प्रोग्राम आणि डेस्कटॉप यांच्यातल्या मध्यस्थाला, विचारतात. म्हणून अपिअरन्समध्ये दहा थीम बदलल्या तरी कॅल्क्युलेटर पांढराच. एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल-जीटीके हे पॅकेज बसवलेलं आहे का ते बघा, आणि मग:

जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.ग्नोम.डेस्कटॉप.इंटरफेस कलर-स्कीम प्रेफर-डार्क

ग्नोम बसवलेलं नसलं तरी हे चालतं, नावावर जाऊ नका. हे सेटिंग डिस्कवर साठवलं जातं, रोज मारावं लागत नाही. नव्या डिस्ट्रोंवर तरीही विंडो पांढरी राहिली, तर पोर्टलला कुणाला विचारायचं ते कळलेलं नसतं. होममधल्या .कॉन्फिगखाली एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल फोल्डरात पोर्टल्स.कॉन्फ नावाची फाइल करून प्रेफर्ड या मथळ्याखाली डिफॉल्ट=जीटीके एवढं लिहा आणि पुन्हा लॉगिन करा.

आर्कचा तो खास निळसर काळा रंगच हवा म्हणून मी एक भानगड केली होती. थीममधली जीटीके.सीएसएस फाइल कॉन्फिगमधल्या जीटीके-४.० फोल्डरात नेऊन ठेवली. त्याने लिबअद्वैतालाही रंग लागतो. पण ही फाइल प्रत्येक जीटीके ४ प्रोग्राम वाचतो आणि त्यातली नावं आवृत्तीगणिक बदलतात. एका मोठ्या अपग्रेडनंतर माझी बटणंच दिसेनाशी झाली. होती जागेवरच, काळ्यावर काळी. अपग्रेडनंतर जीटीके ४च्या विंडो विचित्र दिसायला लागल्या तर सगळ्यात आधी ही फाइल आहे का ते बघा आणि तिचं नाव बदलून ठेवा. आता मी लिबअद्वैताच्या राखाडीशी तह केला आहे.

क्यूटीच्या प्रोग्रामांसाठी क्यूटी५सीटी आणि क्यूटी६सीटी ही दोन वेगळी साधनं. आरपार विंडो हव्या असतील तर त्यांच्या जोडीला क्व्हांटम हे स्टाइल इंजिन, त्यात पारदर्शकता आणि धूसरपणा दोन्ही आहे. पण हे चालायला क्यूटी_क्यूपीए_प्लॅटफॉर्मथीम नावाचा एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबल लागतो, आणि तो कुठे लिहायचा यावर बहुतेकांची गाडी अडते. मी .बॅशआरसीमध्ये लिहिला होता. टर्मिनलमधून प्रोग्राम उघडला की काळा, मेन्यूमधून उघडला की पांढरा. असा प्रकार दिसला की दुसरं काही शोधू नका. .बॅशआरसी फक्त टर्मिनल वाचतं, मेन्यूचा त्याच्याशी संबंध नाही. डेबियनवर आणि त्याच्या कुळातल्या डिस्ट्रोंवर होममध्ये .एक्ससेशनआरसी नावाची फाइल करून त्यात एक्सपोर्टसकट ती ओळ लिहा. एक्सचं सेशन सुरू होतानाच ती वाचली जाते.

लिबरऑफिस आणि फायरफॉक्स आपापले मालक आहेत. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स आणि तिथल्या ॲप्लिकेशन कलर्समध्ये (नव्या आवृत्त्यांत अपिअरन्समध्ये) कागदाचा रंग वेगळा ठरतो. मेन्यू काळा आणि कागद पांढरा दिसला तर बिघाड समजू नका, कित्येकांना तसंच हवं असतं. फायरफॉक्समध्ये वेबसाइट अपिअरन्स बघा, पुढे जायची गरज पडत नाही.

ज्या चुकीने मला सहा महिने गंडवलं

हे वेगळं लिहितो, कारण यात दोष फक्त माझा. खूप आधी कुठल्यातरी एका हट्टी प्रोग्रामसाठी मी /ईटीसी/एन्व्हायरन्मेंट फाइलमध्ये जीटीके_थीम हा व्हेरिएबल घालून ठेवला होता आणि साफ विसरलो. हा व्हेरिएबल खरं तर थीम बनवणाऱ्यांनी चाचणीपुरता वापरायचा. तो असला की जीटीके दुसऱ्या कुणाचंच ऐकत नाही. अपिअरन्समध्ये थीम बदला, जीसेटिंग्जने बदला, ढिम्म. मी एक्सएफसीई पुन्हा बसवलं. होममधलं कॉन्फिग फोल्डर उडवलं. तरीही तेच, कारण फाइल ईटीसीत होती.

हे सापडलं ते नव्या यूजरमुळे. डेस्कटॉपचं कुठलंही दुखणं पुन्हा पुन्हा येत असेल तर कोरा नवा यूजर बनवा आणि त्यात लॉगिन करा. तिथे सगळं ठीक चाललं, तर घोळ तुमच्या होम फोल्डरात आहे. तिथेही तोच प्रकार दिसला, तर घोळ घराबाहेर, यूएसआरमध्ये किंवा ईटीसीमध्ये. माझ्या नव्या यूजरलाही थीम बदलता येईना, तेव्हा कुठे ईटीसी उघडावंसं वाटलं. चालू असलेल्या प्रोग्रामला कुठले व्हेरिएबल मिळाले आहेत ते बघायचं असेल, तर /प्रॉकमध्ये त्या प्रोसेसच्या क्रमांकाच्या फोल्डरात एन्व्हायरॉन नावाची फाइल असते.

मराठी वाचायचं असेल तर

काळ्यावर पांढरं रोमन अक्षर बरं दिसतं, देवनागरीचं तसं नाही. शिरोरेघ बारीक होते, अनुस्वार आणि रफार मागच्या चित्रात हरवतात, आणि विंडो आरपार असली की 'घ' आणि 'ध' ओळखायला मान पुढे न्यावी लागते. यंत्रात मराठीसाठी कुठला फॉन्ट उचलला जातोय ते आधी बघा:

एफसी-मॅच सॅन्स:लँग=एमआर

उत्तरात एखादा फार बारीक फॉन्ट आला तर फॉन्टकॉन्फिगच्या फाइलमध्ये पसंतीचा क्रम बदला. मी मुंबईच्या एक टाइपचा मुक्त वापरतो आणि काळ्या थीममध्ये रेग्युलरऐवजी मीडियम वजन घेतो. अक्षरांच्या कडांना लाल-निळी झाक दिसत असेल तर अपिअरन्समध्ये फॉन्टच्या टॅबवर सबपिक्सेल ऑर्डर बंद करा आणि हिंटिंग स्लाइट ठेवा. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तशीही नीट बसत नाहीत, त्यात पारदर्शकतेची भर नको. माझं टर्मिनल ८८ टक्के अपारदर्शक आहे आणि जिथे मी मराठी लिहितो तो एडिटर शंभर टक्के.

भाच्याचा लॅपटॉप

हे सगळं लिहून काढल्यावर भाच्याचा फोन आला. "मामा, तू सांगितलेलं सगळं केलं. पिकॉम चालूच होत नाही." मी त्याला टर्मिनलमध्ये एको लिहून पुढे डॉलरसह एक्सडीजी_सेशन_टाइप लिहायला सांगितलं. उत्तर आलं वेलँड, म्हणजे एक्सच्या जागी आलेली नवी यंत्रणा. ग्नोमवर होता. पिकॉम फक्त एक्स११चा प्रोग्राम आहे. वेलँडवर विंडो रचायचं काम डेस्कटॉपचा स्वतःचा कंपोझिटर करतो आणि त्या जागी दुसरा बसवता येत नाही. ग्नोममध्ये हे असलं हवं असेल तर एक्स्टेन्शन शोधायचं, केडीई या डेस्कटॉपवर क्विन या त्याच्या कंपोझिटरच्या इफेक्ट्समध्ये धूसरपणा आधीच आहे.

"मग तुझ्यासारखं करायला मला एक्सएफसीई टाकावं लागेल?"

"टाक, पण परीक्षा झाल्यावर."

त्याने त्याच रात्री टाकलं. सकाळी सातला पडद्याचा फोटो पाठवला. सावली होती, पारदर्शकता नव्हती. मी त्याला ट्वीक्सचा शेवटचा टॅब उघडायला सांगितलं.